पान नंबर ६२

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी लग्नाआधी दोनदा वाचलंय. दोन्ही वेळा तीन-तीन दिवसांत, जेवताना ताटाशेजारी उघडं ठेवून आणि आईची बोलणी खात. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा चिरंजीव सव्वा वर्षाचे होते. त्यानंतर... तर त्यानंतर वर्षभर मी पान नंबर ६२ वर होते.

तुम्ही म्हणाल, "अगं, वेळ काढावा लागतो!" हे वाक्य मला आजवर ज्यांनी ऐकवलं त्यांना एकतर मुलं नाहीत, किंवा घरात स्वयंपाक करणारी आई आहे. माझं वाचन असं चालतं: रात्री साडेअकराला चिरंजीव झोपतात. मी पुस्तक उघडते. पान ६२, पहिला परिच्छेद. पावणेबाराला पुस्तक नाकावर पडतं. दुसऱ्या दिवशी आठवत नाही कुठवर आलो होतो, म्हणून पुन्हा पान ६२. तो परिच्छेद आता मला रामरक्षेसारखा पाठ आहे.

बरं, पुस्तकही धड राहिलेलं नाही. आमची प्रत फुगलीय. भटुरा फुगतो तशी. ती का फुगली ते पुढे येईलच.

२०२४ साली वेळ अमावस्या ३० डिसेंबरला आली, सोमवारी. वर्षाअखेरीला आमच्याकडे कोड फ्रीज असतो, म्हणजे कुणीही कशालाही हात लावायचा नाही. (हा नियम घरातल्या ओट्यालाही लागू व्हावा अशी माझी जुनी मागणी आहे.) त्यामुळे शनिवारी पहाटे गाडी काढली आणि टेंभुर्णी, बार्शी, येडशी करत सासरी तेरला पोचलो. एरवी पाच-सहा तासांची वाट, चिरंजीवांच्या सोयीने आठ तास. पिशवीत 'स्मृतिचित्रे' होतंच. तीन दिवस सुट्टी, सासूबाई घरात, लेकराला खेळायला अंगण. या वेळी ६३ गाठायचंच, असा पण केला होता.

वेळ अमावस्या पुण्या-मुंबईच्या लोकांना माहीत नसते. लग्नाआधी मलाही नव्हती. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि सोलापूरकडची माणसं शेतात जेवायला जातात. इकडे तिला 'येळवस' म्हणतात. गावं त्या दिवशी ओस पडतात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, त्यात पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, पूजा करतात आणि मग जेवतात. म्हणजे खरं जेवतात. आपण पुण्यात करतो त्याला नुसतं खाणं म्हणायचं.

मुख्य पदार्थ भज्जी. 'भजी' नव्हे हो! पहिल्या वर्षी मी तीच चूक केली होती आणि कांदे चिरायला बसले होते. भज्जी म्हणजे हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे ओले दाणे, वाटाणे, घेवडा, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, आणि त्या दिवसांत शेतात जे जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात शिजवायचं, चिंचेचा कोळ आणि डाळीचं पीठ लावायचं आणि वर लसूण-मिरचीचं वाटण. सोबत बाजरीचे उंडे, भाकऱ्या, गव्हाची खीर, आणि आंबिल. ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवायचं, लसूण, आलं, जिरं घालायचं आणि रात्रभर मडक्यात ठेवायचं. सकाळपर्यंत त्याला जी आंबट चव येते तिच्यापुढे तुमची सगळी शीतपेयं फिकी. आणि हे सगळं घरच्यांपुरतं करायचं नसतं. शेताच्या वाटेने जाणारा जो कोणी असेल त्याला ओढून आणून जेवायला घालायचं असतं. सासूबाईंचा हिशोब "पन्नास माणसं धरावीत" असा होता. आमच्याकडे पाच पाहुणे येणार असले की मी ॲपवर हॉटेलं शोधते.

रविवारी सकाळी सासूबाईंनी मला एका कामावर धाडलं. "आंबिलाला नवं मडकं आण. आणि वाजवून आण बरं का."

वाजवून म्हणजे बोटाच्या पेराने टिचकी मारून. पक्कं भाजलेलं मडकं टणटण वाजतं, कच्चं किंवा तडा गेलेलं बद्द. गंमत अशी की ज्या गावात मी हे मडकं वाजवत होते, त्या गावाची निम्मी कीर्ती याच टिचकीवर उभी आहे. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. संत गोरा कुंभार. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मंडळींत वयाने वडील, म्हणून सगळे 'काका' म्हणायचे. १३१७ मध्ये त्यांनी इथेच समाधी घेतली असं मानतात. तेरणेच्या काठी त्यांचं मंदिर आहे आणि चैत्रात मोठी यात्रा भरते. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. सगळे संत जमले असताना मुक्ताबाईने काकांची थापटी बघितली आणि विचारलं, हे कशासाठी? मडकी तपासायला, म्हणाले. मग आमचीही तपासा की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र कुरकुरले. निकाल: हे मडकं कच्चं. मला ही गोष्ट पहिल्यापासून आवडते, कारण टेस्टिंग लावायची कल्पना संतमंडळींतल्या सगळ्यात लहान पोरीची होती आणि बग सापडला तो थेट नामदेवांत! आमच्या टीममध्येही सिनियर लोकांचा कोड कुणी तपासत नाही, तिथे अशी एक मुक्ताबाई हवी.

मडकं घेतलं आणि चिरंजीवांना घेऊन गाव हिंडलो. म्हणजे मी, लेक आणि कडेवर मडकं. नवरा घरी झोपला होता, "गाडी चालवून दमलोय" या सबबीवर. आधी संग्रहालय. तेर दिसायला साधं गाव आहे, पण याचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक व्यापारी पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं. ते तगर म्हणजेच आपलं तेर, हे १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज पंडिताने दाखवून दिलं. संग्रहालय उभं राहिलं मात्र गावातल्याच एका माणसामुळे, रामलिंगप्पा लामतुरे. शेतांत, पांढरीच्या टेकाडांत जे जे सापडायचं ते ते त्यांनी आयुष्यभर गोळा केलं. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, दिवे. इथे सापडलेल्या हस्तिदंती बाईसारखीच एक बाई १९३८ साली थेट इटलीत, पाँपेईच्या राखेखाली सापडली होती. विचार करा, कुठे तेर आणि कुठे पाँपेई! मी भारावून बघत होते, आणि त्याच वेळी घरात पोत्यांनी खापरं साठत असतील तेव्हा घरच्यांनी ती झाडायची कशी, हाही प्रश्न पडला. लग्नानंतर डोक्यात असे किडे वळवळतात, इलाज नाही.

चिरंजीवांना या सगळ्यात एकच गोष्ट पटली: इथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून वीट भाजायची, भट्टीत भुसा जळून जातो आणि वीट आतून जाळीदार होते, ढोकळ्यासारखी. त्रिविक्रमाचं देऊळ अशा जुन्या विटांचंच आहे. "वीट पाण्यात टाकू?" असं त्याने देवळात सहा वेळा विचारलं. पाण्यात काय तरंगतं आणि काय बुडतं, हा त्याचा जुना संशोधनाचा विषय आहे. त्याच्यामुळेच... असो, येतेच त्यावर.

शेवटी गोरोबाकाकांचं घर. गावात एक जुनं घर काकांचं म्हणून दाखवतात. तिथे उभं राहिल्यावर लेकाने विचारलं, "इथे काय झालं?" आणि मी, नेहमी बढाया मारणारी गोष्टीवेल्हाळ आई, अडकले.

कारण इथे जे झालं ते अडीच वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? काका माती तुडवत होते. तुडवता तुडवता विठ्ठलाच्या नामात इतके रंगले की भान हरपलं. त्यांचं तान्हं मूल रांगत रांगत चिखलात आलं आणि त्यांच्या पायाखाली... पुढची गोष्ट आपल्याला लहानपणी कशी सांगतात आठवतं? काका किती तल्लीन होते, भक्ती किती थोर होती, आणि शेवटी पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात विठ्ठलाने बाळ परत दिलं. मी शाळेत असताना या गोष्टीवर भाषणही केलं होतं. बक्षीस स्टीलचा डबा.

मी मऊ करून सांगितलं. एक काका होते, ते चिखलात नाचत गाणं म्हणत होते, बाळ चिखलात पडलं, मग विठ्ठलबाप्पाने उचललं.

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "बाळाची आई कुठे?"

"पाणी आणायला गेली होती."

"मग ये म्हणावं."

खरं सांगते, हातातलं मडकं निसटलं असतं.

आता पुस्तक का फुगलं ते सांगायला हरकत नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा हिवाळा. लेक दीड वर्षाचा. त्याला सांभाळणाऱ्या मावशी त्या दिवशी सुट्टीवर, मी आणि नवरा दोघंही घरून काम करत होतो. तो आतल्या खोलीत मीटिंगमध्ये, मी हॉलमध्ये. सकाळपासून प्रॉडक्शनमध्ये एक बग होता, काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात होते. पण प्रत्येक वेळी नाही, कधी कधीच. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल, 'कधी कधीच' येणारा बग हा सगळ्यात वाईट. मी कानाला हेडफोन लावले आणि लॉग वाचायला लागले. आणि मग मला एक धागा दिसला. दोन रिक्वेस्ट एकाच सेकंदात आल्या की दुसरी पहिलीचं उत्तर यायच्या आत शिरत होती. मी त्या धाग्यामागे गेले. किती वेळ ते मला माहीत नाही. नंतर घड्याळावरून हिशोब केला तर चाळीस मिनिटं.

हेडफोन काढले तेव्हा घर शांत होतं. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना मी शांतता म्हणजे काय ते सांगायला नको.

तो बाथरूममध्ये होता. अर्ध्या भरलेल्या बादलीवर पोटापर्यंत ओणवा, पायाचे अंगठे जेमतेम फरशीला टेकलेले, केसांचं टोक ओलं. दोन्ही हातांनी तो काहीतरी पाण्याखाली दाबत होता आणि ते वर येतंय का बघत होता. पान नंबर ६२ च्या खुणेसकट 'स्मृतिचित्रे'.

बुडालं ते पुस्तक. एवढंच.

मी त्याला उचललं, तो रडला, कारण त्याचा प्रयोग अर्धा राहिला. मग आम्हा दोघांचं ते जगप्रसिद्ध संभाषण झालं. "मला वाटलं तो तुझ्याकडे आहे." "मला वाटलं तुझ्याकडे." यावर भांडण करायचीही ताकद नव्हती. पुस्तक पंख्याखाली वाळवलं, बादली त्या दिवसापासून उपडी असते, आणि हा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. ना माझ्या आईजवळ, ना सासूबाईंजवळ.

पण एक गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. ती चाळीस मिनिटं मला फार आवडली होती. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच डोकं एका जागी होतं. दूध संपलंय, लस कधी आहे, डब्याला काय, यातलं काहीही त्यात नव्हतं. नुसता तो धागा. तो बग मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केला आणि त्याबद्दल मला सगळ्यांसमोर शाबासकीही मिळाली. ती मेल उघडली की मला अजून बादली दिसते.

रविवारी संध्याकाळी आम्ही सासू-सुना ओसरीवर सोलत बसलो. समोर हरभऱ्याच्या ढाळ्यांचा आणि तुरीच्या शेंगांचा ढीग. सासूबाईंच्या पुढ्यात, तेलाच्या डब्याला टेकवून, महिपतींचा 'भक्तिविजय'. त्यांची ही सवयच आहे, हात कामात आणि डोळे पोथीत. पान उलटायचं झालं की कोपराने उलटतात. १७६२ साली पूर्ण झालेला ग्रंथ, आणि त्याच्या या प्रतीत हळदीची बोटं, तेलाचे डाग, एका पानावर तर चिकटलेलं जिरं. याच ग्रंथात गोरोबाकाकांचीही कथा आहे.

मी सोलता सोलता लेकाचा प्रश्न सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"बरोबर इचारलं की लेकराने. सगळे म्हणतेत संती पाण्याला गेली, संती पाण्याला गेली. मग पाण्याला कोण जाणार हुतं? ती चिखल तुडवायचा म्हणजे त्याला बी पाणीच लागतंय की."

मी इंजिनिअरिंग केलंय, शाळेत या गोष्टीवर बक्षीस मिळवलंय, आणि हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. चिखलाला पाणी लागतं!

पुढची गोष्ट लोकांना फारशी आठवत नाही. संती संतापली. मूल गेलेली आई दुसरं काय करणार? तिने नवऱ्याला विठ्ठलाची शपथ घातली की मला हात लावायचा नाही. काकांनी ती शपथ पाळली. वंश कसा चालायचा म्हणून तिने स्वतःच्या बहिणीशी, रामीशी, त्यांचं लग्न लावलं, तर सासऱ्याने दोघींना सारखंच वागव म्हटल्यामुळे काकांनी तिलाही हात लावला नाही. पुढे ते हात तोडून घेण्यापर्यंत गेले. सगळं गोड होतं ते थेट पंढरपुरात. सासूबाई ही कथा शेजारणीची हकीकत सांगावी तशी सांगतात, "लई भोगलं बाईने" असा अधूनमधून शेरा मारत.

मग त्यांचं लक्ष माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकाकडे गेलं. "ते काय, फुगल्यालं?"

माहीत नाही का, पण मी सांगून टाकलं. बादली, हेडफोन, चाळीस मिनिटं. ती आवडली होती, हेसुद्धा. सांगताना मी खाली बघून इतकी सोलत होते की दाणे टोपलीत आणि टरफलं पातेल्यात टाकत होते.

त्यांनी पातेल्यातली टरफलं वेचून काढली. मग मागे वळून बघितलं, कुणी ऐकत नाही ना. आणि म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या कपाळावर खूण हाय बघ."

आहे ना! डाव्या भुवईच्या वर, बोटभर. कॉलेजच्या मॅचमध्ये बाउन्सर लागला होता. लग्न ठरायच्या आधी त्याने ही कथा मला इतक्या बारकाव्यांनिशी सांगितली होती की मी थोडी प्रभावितही झाले होते.

"कशाचा बावन्सर? वर्साचा हुता. मी चुलीम्होरं वाचत बसले हुते. हे गेलं रांगत, पडलं ओट्यावरनं खाली, दगडावर. रगत बघून मलाच भोवळ आली."

"पोथी वाचत होता?"

सासूबाई गालात हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नाही. "पोथीच्या आत 'दुनियादारी' हुती."

मी ओरडलेच. सुहास शिरवळकर! भक्तिविजयाच्या पोटात! त्यांच्या धाकट्या भावाने कॉलेजातून आणलेली प्रत, दोन दिवसांत परत द्यायची होती. घरात कादंबरी वाचायची पद्धत नव्हती, सूनबाईने तर नाहीच. पोथी चालायची. तेव्हापासून तो चुलीपुढचा वाचनालयाचा धंदा. टाके पडले, घरात आरडाओरडा झाला. पण पोथीत रमली होती म्हणून कुणी त्यांना बोललं नाही. उलट थोरल्या जावा म्हणाल्या, किती देवभोळी पोर.

"कादंबरी घावली असती ना," त्या म्हणाल्या, "तर आजतागायत ऐकवलं असतं. त्याला सांगू नको बरं का. त्याला क्रिकेटचंच वाटतंय, वाटू दे."

नवरा माझे हे शनिवार-रविवारचे लेख वाचत नाही, तेव्हा काळजी नाही.

त्या रात्री जेवताना तो लेकाला बाउन्सरची कथा सांगत होता. मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर आंबिल सांडलं असतं.

सोमवारी पहाटे चार वाजता चूल पेटली. भज्जीचं पातेलं एवढं मोठं होतं की ढवळायला मला उभं राहावं लागलं. नऊला सगळे शेतात. चिरंजीव गाडीत आंबिलाच्या मडक्याला मिठी मारून बसले होते. जानेवारी जवळ आलेली, ज्वारी डोक्याएवढी उंच, बांधावर करडई, आणि हवेत तो ओल्या हरभऱ्याचा आंबूस वास. पूजा झाली. मग जेवणं. पंगत उठली की दुसरी बसत होती. शेजारच्या शेतातले, रस्त्याने मोटारसायकलवर चाललेले, एक तर कुणाचे तरी पाहुणे चुकून आमच्याच कोपीत आले आणि जेवूनच गेले. मी वाढता वाढता मोजायला लागले होते, त्रेचाळीसपर्यंत मोजलं. सासूबाईंचं एस्टिमेट आमच्या कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरपेक्षा अचूक होतं.

दुपारी ऊन उतरायला लागलं तेव्हा त्या आल्या, लेकाला कडेवर घेतलं आणि नवऱ्याला हाक मारली. "ऊठ रे. लेकराला हिरीवर पाणी दाखवून आण, हात धरून. मग घागर भरून घेऊन ये, भांडी घासायची हायेत." तो घागर घेऊन निघाला. जाताना काहीतरी पुटपुटला, ते वाऱ्यावर गेलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"वाच आता."

मी कोपीच्या सावलीत कडब्याला टेकून बसले. भज्जीने डोळे जड झाले होते, पण झोपले नाही. पान ६२. तो पाठ असलेला परिच्छेद ओलांडला आणि पुढे लक्ष्मीबाई भेटल्या. टिळकांचं लक्ष त्यांच्या कवितेत आणि विचारांत, आणि संसाराची गाठ मारायची ती बाईंनी. हे सगळं त्यांनी किती हसत लिहिलंय! पूर्वी वाचताना मला टिळक विक्षिप्त आणि मजेदार वाटायचे. या खेपेस मी सारखी बघत होते की आत्ता घरात पीठ आहे का, मूल कुणाजवळ आहे. ६३, ६४, ६५... कुणीतरी पंगतीत हसत होतं, कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, ते सगळं हळूहळू ऐकू येईनासं झालं.

हाक आली तेव्हा मी ७४ वर होते. लेक समोर उभा, चड्डी ओली, हातात एक खापराचा तुकडा. "आई, हे बुडलं," तो म्हणाला. मागून नवरा भरलेली घागर खांद्यावर घेऊन, शर्ट चिंब.

पुढे वाचता आलं नसतंच म्हणा, कारण ७४ आणि ७५ ही पानं बादलीच्या दिवसापासून एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत. ओढलं तर फाटतील. सासूबाईंनी पुस्तक हातात घेऊन उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "वाफेवर धर. सुटतंय."

पुण्यात आल्यावर वरणाचा कुकर लावला आणि शिट्टी झाल्यावर धरलं. सुटली. एका कोपऱ्यात दोन अक्षरं गेलीत, बाकी सगळं वाचता येतंय. फक्त त्या दोन पानांना आता हिंगाचा वास येतो.